सूतिकागृहाच्या किल्ल्या

प्रथमच आई होणाऱ्या स्त्रीसाठी आपल्या भाषेत 'पहिलटकरीण' असा एक खास शब्द आहे, आणि त्या शब्दात कौतुक आहे. तिचे डोहाळे विचारले जातात, तिची ओटी भरली जाते, तिला बाळंतपणासाठी माहेरी आणतात. दुसऱ्या वेळी आई होणारीला असा शब्द नाही. तिची नुसती 'दुसरी खेप' असते. खेप हा शब्द मुळात ओझ्याचा. पाण्याची खेप, लाकडांची खेप. दुसऱ्या खेपेला वाट पायाखालची असते, म्हणून ती सोपी, असा त्यामागचा व्यवहारी हिशेब दिसतो. परंतु पहिल्या खेपेतच जिचा पाय खोल खड्ड्यात गेला, तिला ती वाट ठाऊक असणे हेच भयाचे मूळ असते, ही गोष्ट त्या हिशेबात बसत नाही.

गेल्या श्रावणात माझ्या कन्येने मजजवळ एक पुस्तक मागितले. पहिल्या बाळंतपणानंतर ती सुमारे सात महिने आजारी होती. त्या आजारास आता 'प्रसूतिपश्चात नैराश्य' असे भारदस्त नाव आहे. ती पूर्ण बरी झाली, नोकरीवर रुजू झाली, मूल शाळेत जाऊ लागले. आणि दुसरे मूल व्हावे अशी इच्छा आता तिची व जावयांची आहे. ती मला म्हणाली, "बाबा, बाळंतपणात मन ढासळलेल्या बायकांच्या गोष्टी तुम्ही जन्मभर शिकवल्यात. ढासळून, सावरून, पुन्हा आई झालेल्या बाईचे पुस्तक असेल तर मला द्या." इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात ज्याची जवळजवळ तीस वर्षे गेली त्याला हे मागणे मुळीच अवघड वाटले नाही. मी मोठ्या विश्वासाने कपाटापाशी गेलो आणि रिकाम्या हाताने परत आलो. पुढील मजकूर म्हणजे त्या शोधाची हकीकत आहे.

पहिले पुस्तक अर्थातच हाती आले ते शार्लट पर्किन्स गिल्मन या अमेरिकन लेखिकेचे. 'द यलो वॉलपेपर' ही तिची कथा १८९२ च्या जानेवारीत 'न्यू इंग्लंड मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध झाली. नुकतीच प्रसूत झालेली एक स्त्री, डॉक्टर असलेला तिचा नवरा जॉन, भाड्याने घेतलेला एक जुना वाडा, आणि वरच्या मजल्यावरची गजांच्या खिडक्यांची खोली. तेथे तिने विश्रांती घ्यावी, लिहू नये, विचार करू नये, असा पतीचा प्रेमळ हुकूम आहे. मूल दुसरीकडे, दाईजवळ आहे. करावयास काहीच उरले नाही म्हणून ती भिंतीवरच्या पिवळ्या कागदाची नक्षी न्याहाळू लागते, आणि त्या नक्षीमागे कोंडलेली एक बाई तिला दिसू लागते. शेवटी ती खोलीचे दार आतून लावून घेते आणि किल्ली खाली पायरीजवळ 'प्लँटेन'च्या पानाखाली फेकून देते. (दरवर्षी वर्गातील कोणीतरी विद्यार्थी याचे भाषांतर 'केळीचे पान' असे करतो. ते केळीचे पान नव्हे. अमेरिकेत अंगणात आपोआप उगवणारे ते एक क्षुद्र तण आहे.)

या कथेमागची हकीकतही प्रसिद्ध आहे. गिल्मनला १८८५ च्या मार्चमध्ये मुलगी झाली, आणि त्यानंतर तिचे मन खचत गेले. १८८७ मध्ये फिलाडेल्फियाचे नामांकित डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांच्याकडे तिला पाठविण्यात आले. त्यांचा 'विश्रांतीचा उपचार' म्हणजे अंथरूण, भरपूर खाणे, आणि बुद्धीला पूर्ण बंदी. घरी परतताना त्यांनी तिला लेखणी, कुंचला वा पेन्सिल पुन्हा हाती न धरण्याचा सल्ला दिला. तो पाळता पाळता आपण वेडाच्या उंबरठ्यापर्यंत गेलो, असे तिने १९१३ मध्ये आपल्या 'फोररनर' या मासिकात लिहून ठेवले आहे.

हे सारे मी प्रतिवर्षी सांगत आलो. कथनाची कला, प्रतीके, निवेदिकेवर विश्वास कितपत ठेवावा, हे सारे मी फळ्यावर लिहिले. आणि माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या अभ्यासिकेच्या पलीकडच्या खोलीत, बाळ झोपले तरी जिला झोप येत नव्हती, जी पाळण्याकडे पाहत तासनतास बसून राही, त्या मुलीला मी काय म्हणालो? "आता विश्रांती घे. लिहिणे-वाचणे काय, पुढे आहेच." हे जॉनचे वाक्य आहे हे मला त्या वेळी कळले नाही. फार पुढे, तीच कथा पुन्हा वर्गात वाचीत असताना ते कळले आणि मी त्या दिवशी तास लवकर सोडला. माझ्या मुलीला डॉक्टरांकडे नेले ते मी नव्हे, तिच्या आईनेही नव्हे. बारशाला आलेल्या तिच्या सासूबाईंनी, ज्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे, तिच्या डोळ्यांकडे पाहून "हिला काहीतरी होतंय, हे नेहमीचं नाही," असे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा बोलाविली.

तर गिल्मनची कथा कन्येला द्यावी काय? मी ती दिली, कारण ती तिने पूर्वी वाचली होती आणि तिला पुन्हा पाहावयाची होती. तिचे मत मला अनपेक्षित वाटले. ती म्हणाली, "बाबा, ही बाई स्वतः बाहेर पडली ना? मग कसे बाहेर पडावे हे तिला ठाऊक होते. गोष्टीत ते का सांगितले नाही?" हा प्रश्न वाङ्मयीन दृष्टीने बाळबोध आहे, असे म्हणण्याचा मोह मला झाला. कथेचे सामर्थ्य दार बंद होण्यात आहे. ते उघडले तर कथा मोडेल. परंतु प्रश्न टिकतोच. गिल्मनचे चरित्र पाहिले तर मिचेलकडे जाण्यापूर्वीही ती एकदा कॅलिफोर्नियात, ग्रेस चॅनिंग या मैत्रिणीच्या कुटुंबात जाऊन राहिली होती आणि तेथे तिची प्रकृती सुधारली होती. घरी परतताच ती पुन्हा ढासळली. पुढे १८८८ मध्ये ती पतीपासून वेगळी झाली, लेखनाला लागली आणि सावरली. मैत्रीण, काम आणि मोकळी हवा हा तिचा खरा उपचार होता. कथेत त्यांपैकी एकही नाही. आणि तिला दुसरे मूल झाले नाही. 'अटलांटिक मंथली'चे संपादक होरेस स्कडर यांनी ही कथा परत पाठविताना, आपण जितके दुःखी झालो तितके दुसऱ्यांस करणे आपणास क्षम्य वाटणार नाही, अशा अर्थाचे कळविले होते. त्यांना वर्गात हसावयाची आम्हा प्राध्यापकांची रीत आहे. ते चुकलेच, कथा छापावयास हवी होती. पण ती वाचून जिला रात्र काढावयाची आहे तिचा विचार त्यांच्या मनात आला होता, एवढे श्रेय आता मी त्यांना देऊ लागलो आहे.

दुसरे पुस्तक शोधता शोधता मी सहाशे वर्षे मागे गेलो. इंग्लंडच्या नॉरफक प्रांतात लिन नावाचे एक बंदर आहे. तेथील एका प्रतिष्ठित घराण्यात सुमारे १३७३ मध्ये मार्जरी केंप ही स्त्री जन्मली. आपले आयुष्य तिने उतारवयात दुसऱ्यांकडून लिहवून घेतले. दुसऱ्या लेखकाने, एका धर्मोपदेशकाने, १४३६ मध्ये काम हाती घेतले. इंग्रजीतले पहिले आत्मचरित्र म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते हेच. पुढे ते पार नाहीसे झाले. १५०१ च्या सुमारास विंकिन द वर्ड या मुद्रकाने त्यातले काही उतारे एका छोट्या पुस्तिकेत छापले, पण ते निवडक भक्तिवचनांचे. त्यातून नवरा, मुले, बाळंतपण, प्रवास, भांडणे, सारे गाळलेले. मूळ हस्तलिखित १९३४ मध्ये एका इंग्रज कुटुंबाच्या घरी उजेडात आले. पिंगपाँगचे सामान शोधताना ते कपाटातून बाहेर पडले, असे सांगतात. संतवचने पाच शतके टिकली आणि बाळंतीण कपाटात राहिली, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा मुली हसतात आणि मुले हसत नाहीत.

त्या ग्रंथाचे पहिलेच प्रकरण बाळंतपणाचे आहे. विशीतल्या मार्जरीचे लग्न झाले, लवकरच दिवस राहिले, आणि गरोदरपणात व प्रसूतीत तिचे फार हाल झाले. आपण जगत नाही असे वाटून तिने पापनिवेदनासाठी धर्मोपदेशकास बोलाविले. एक गोष्ट तिने कधी कोणास सांगितली नव्हती. ती सांगून पुरी होण्याआधीच तो तिला रागावू लागला. ती गप्प झाली, ती गप्पच राहिली, आणि तिचे भान सुटले. अर्धे वर्ष, आठ आठवडे आणि वर काही दिवस, असा तिने त्या काळाचा हिशेब दिला आहे. बाळंतिणीच्या आजाराचा हिशेब आठवड्यांत ठेवणारी ही बाई मला पहिल्याच पानावर खरी वाटली. जळत्या तोंडांची भुते तिला दिसत. नवऱ्याविषयी, आप्तांविषयी, स्वतःविषयी ती नाही नाही ते बोले. तिने स्वतःचा हात असा चावला की त्याचा वण जन्मभर राहिला. शेवटी तिला रात्रंदिवस बांधून ठेवावे लागले. मग एके दिवशी, राखणदार जवळ नसताना, जांभळ्या रेशमी वस्त्रातील ख्रिस्त तिच्या अंथरुणाच्या कडेला बसलेला तिला दिसला, आणि ती शुद्धीवर आली.

भाविक वाचक येथे थांबतो. मी थांबलो तो पुढच्या चार ओळींपाशी. शुद्धीवर येताच मार्जरीने नवऱ्याकडे कोठीघराच्या किल्ल्या मागितल्या. पूर्वीप्रमाणे आपले खाणेपिणे आपण काढून घ्यावे, एवढेच तिचे मागणे. दासींनी आणि राखणदारांनी मालकाला सांगितले, देऊ नका. हिला आपण काय बोलतो ते कळत नाही, ही घरातले सगळे वाटून टाकील. तरीही नवऱ्याने, जो नेहमीच तिच्याविषयी कनवाळू होता असे ती म्हणते, किल्ल्या देण्याची आज्ञा केली. तिने अन्न घेतले, शक्ती होती तेवढे खाल्ले, घरातली माणसे ओळखली. या नवऱ्याचेही नाव जॉनच. गिल्मनच्या कथेत किल्ली तणाखाली पडते आणि जॉन दार ठोठावीत उभा राहतो. लिनच्या घरात जॉन केंप किल्ल्यांचा जुडगा बायकोच्या हातात ठेवतो. सासूच्या कमरेचा जुडगा सुनेच्या हाती येणे म्हणजे काय, हे ज्यांनी आपल्या घरांतून पाहिले आहे त्यांना या प्रसंगाचा अर्थ उलगडून सांगावयास नको. हा आजार गेला की नाही हे वैद्याआधी घर ठरविते, आणि ते किल्ल्यांवरून ठरविते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मार्जरीचा आजार आणि माझ्या कन्येचा आजार एक नव्हे. आजचे डॉक्टर मार्जरीचे वर्णन वाचून प्रसूतीनंतरच्या उन्मादाचे नाव घेतात. तो हजारी एकदोन स्त्रियांस होतो, अकस्मात येतो, आणि एकदा झाला तर पुढच्या प्रसूतीत पुन्हा होण्याचा संभव सुमारे निम्मा असतो. नैराश्य त्याहून फार सामान्य आहे. दहांतील एकीला तरी होते. गोव्यात एका जिल्हा रुग्णालयातील मातांची पाहणी झाली, तिचा वृत्तान्त २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीत प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ माता नैराश्याने ग्रासलेल्या आढळल्या. आणि त्यांतील पुष्कळजणींचे मन गरोदरपणीच अस्वस्थ होते. दारिद्र्य, नवऱ्याशी बेबनाव, आणि मुलगा हवा असता मुलगी होणे, ही त्यांतली कारणे वाचून मला आश्चर्य वाटले नाही, लाज वाटली. सहाशे वर्षांपलीकडच्या स्त्रीची नाडी पुस्तकावरून पाहण्याचा अधिकार मला नाही. पण तिला चौदा मुले झाली, हे ती स्वतः लेस्टर येथे अधिकाऱ्यांसमोर सांगते. म्हणजे पहिल्या खेपेनंतर तेरा खेपा.

आणि या तेरा खेपांविषयी ग्रंथ जवळजवळ काहीच बोलत नाही. मद्य गाळण्याचा तिचा धंदा कसा बुडाला हे आहे, घोड्यांच्या चक्कीचे काय झाले हे आहे. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिला रात्री झोप लागली काय, हे नाही. हा दोष मानावा काय? मी मानतो. तिला अनुग्रहाची कथा सांगावयाची होती, आणि अनुग्रह एकदा झाला की तेथे भीतीला जागा उरत नाही, हा तिच्या लेखकाचा समज असावा. परंतु एकविसाव्या प्रकरणात, जणू नकळत, एक जागा राहून गेली आहे. कोणत्या गरोदरपणाची ती, हे कळत नाही, कारण ग्रंथ काळाच्या क्रमाने लिहिलेला नाही. प्रभू तिला सांगतो, तुला दिवस गेले आहेत. यावर तिचा पहिला उद्गार भक्तीचा नाही, आनंदाचाही नाही. ती विचारते, मग माझ्या मुलाच्या सांभाळाचे मी काय करू? आणि उत्तर येते, भिऊ नकोस, मी राखणारे माणूस नेमून देईन.

मूळ इंग्रजीत या राखणाऱ्यासाठी जो शब्द आहे, तोच पहिल्या प्रकरणात तिला बांधून ठेवणाऱ्या राखणदारांसाठी आहे. हे कोणाही टीकाकाराने हेतुपूर्वक साधलेले कौशल्य म्हणून दाखवू नये. तो त्या भाषेचा रोजचा शब्द होता. पण आपल्याकडेही शेत राखतात, तुरुंग राखतात, आणि मूलही राखतात. एकदा जिच्यावर राखण बसली होती, ती पुढच्या खेपेला विचारते ते हेच, की या वेळी राखणारा कोणावर नजर ठेवणार आणि कोणाला हात देणार. शोधून शोधून मला सापडलेले 'दुसऱ्या खेपेचे वाङ्मय' ते एवढेच, दोन-तीन ओळींचे.

मार्जरीने अखेरीस निराळाही निर्णय घेतला. १४१३ च्या जूनमध्ये यॉर्कहून परतताना, तिच्या हाती मद्याची बाटली, नवऱ्याच्या अंगरख्यात पोळी, अशा अवस्थेत भर रस्त्यात दोघांनी करार केला: ती त्याचे कर्ज फेडील आणि शुक्रवारी त्याच्यासह जेवील, तो तिच्या शय्येस येणार नाही. ग्रंथात याला ब्रह्मचर्याचे तेज आहे. परंतु 'आता पुरे' असे म्हणण्याचा बाईचा अधिकार एवढ्या मोकळेपणाने मांडलेला मला त्या काळच्या वाङ्मयात क्वचितच आढळला. दुसऱ्या मुलाची तयारी करणारीने 'नको' हा शब्दही वापरून पाहिलेला असावा. त्यावाचून तिच्या 'हो'ला वजन येत नाही. माझ्या कन्येने तो दोन वर्षे वापरला होता, हे मला मागाहून समजले.

आधुनिकांत तुर्की लेखिका एलिफ शफाक हिचे 'ब्लॅक मिल्क' (तुर्कीत २००७) हे पुस्तक चांगले आहे. आपल्या अंतरीच्या परस्परविरोधी बायकांना तिने बोटाएवढ्या बाहुल्यांचे रूप दिले आहे, आणि त्यांचे कलह विनोदी आहेत. विनोद जरा अधिक झाला आहे असे माझे मत. तिला पुढे मुलगाही झाला, पण तोपर्यंत पुस्तक संपून गेले होते. पुन्हा तेच.

वाङ्मय जेथे गप्प बसले तेथे वैद्यकाला बोलावे लागले आहे. फ्रेंच डॉक्टर मार्से यांनी १८५८ मध्येच गरोदर, प्रसूत व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मनोविकारांवर मोठा ग्रंथ लिहिला. १९८७ मध्ये एडिंबरो येथे दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली तयार झाली. ती आज जगभर वापरतात. बंगलोरच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई आणि तान्हे मूल यांना एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष आहे. आईला एकीकडे आणि मुलाला दुसरीकडे ठेवणारा जॉन येथे तरी हरला, असे म्हणावयास हरकत नाही. कन्येच्या डॉक्टरीणबाईंनी तिला व जावयांना दिवस जाण्यापूर्वीच बोलावून घेतले, मागच्या आजाराचा आरंभ कोणत्या आठवड्यात व कशाने झाला ते विचारले, आणि ते उत्तर मध्येच न तोडता ऐकले. लिनच्या त्या धर्मोपदेशकास जे जमले नाही ते हेच. औषधे आपल्या मनाने थांबवू नका. काही औषधे, उदाहरणार्थ व्हॅल्प्रोएट, गर्भास घातक म्हणून आधीच बदलावी लागतात, काही चालू ठेवणेच श्रेयस्कर असते, आणि हे दरएकीचे निराळे ठरते. रात्रीच्या झोपेची व्यवस्था, मूल कोणी घ्यावे हे, अगोदर ठरवा. आणि बऱ्या असतानाच, कागदावर, लिहून ठेवा.

तो कागद कन्येने लिहिला आणि मला वाचावयास दिला. टीकाकार म्हणून नव्हे. त्यात माझे नाव होते म्हणून. दोन रात्री झोप झाली नाही तर सासूबाईंनी आठ दिवस येऊन राहावे. 'तुला काय कमी आहे' असे कोणीही म्हणू नये. मूल तिच्यापासून दूर नेऊ नये, जवळ दुसरे माणूस ठेवावे. बँकेचे व घरचे व्यवहार तिच्याकडून काढून घेऊ नयेत. अगदीच वेळ आली तर डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर, आणि कोणत्या दिवशी परत द्यावयाचे ते ठरवून. बाबांनी विश्रांतीचा उपदेश करू नये; दुपारी चार वाजता येऊन तिला फिरावयास न्यावे, आणि ती बोलली नाही तरी चालावे.

हा कागद तिने तृतीय पुरुषात लिहिला आहे. 'मी झोपले नाही तर' असे नाही, 'ती झोपली नाही तर' असे. मार्जरी आपल्या साऱ्या ग्रंथभर स्वतःला 'हा जीव' म्हणते, मी म्हणत नाही. अभ्यासक त्याला नम्रतेची लेखनरूढी समजतात, आणि मीही तसेच शिकवीत आलो. कन्येला मी सुचविले की वाक्ये प्रथम पुरुषी केली तर अधिक सरळ होतील. ती म्हणाली, "नाही बाबा. त्या दिवशी जी असेल ती मी नसेन. तिच्यासाठी मी लिहिते आहे." मी माझी लाल पेन्सिल खिशात ठेवली.

मार्जरीचा ग्रंथ, विंडियटने १९८५ मध्ये केलेल्या आधुनिक इंग्रजी रूपांतरात, मी तिला अखेर दिला. अर्ध्याहून अधिक तिने सोडून दिला. यात्रेकरूंची भांडणे आणि रडणे तिला कंटाळवाणे वाटले, आणि ते आहेही. मागच्या आठवड्यात तो परत आला तेव्हा मी एकविसावे प्रकरण उघडून पाहिले. राखणारे माणूस नेमून देण्याच्या त्या ओळीपाशी समासात तिने बारीक अक्षरात लिहिले आहे, 'कोण आले होते मग? नाव का नाही?' मी पुन्हा पुढची पाने चाळली. नाव नाही.